डावीकडून येणारे ठोसे

माझा धाकटा भाऊ हेवीवेट बॉक्सर होता. जिंतूरकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरात हा खेळ आला कुठून, असं लोक अजून विचारतात. तो परभणीला कॉलेजात गेला, तेव्हा त्याचं धिप्पाड अंग बघून तिथल्या सरांनी त्याच्या हातात ग्लोव्हज दिले, एवढंच. सर फौजेतून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः लढलेले. इतक्या वजनाचा आणि तरी पायानं हलका पोरगा आपल्या भागात सहसा मिळत नाही, म्हणून त्यांनी त्याला सोडलं नाही. पुढं राज्याच्या स्पर्धा त्यानं जिंकल्या. तिथं त्याच्या वजनात लढायला माणसंच थोडी असायची, हे तो स्वतःच हसत सांगायचा. खरी कसोटी राष्ट्रीय शिबिराच्या निवड चाचणीत होती. तिथं देशातले चांगले चांगले येणार होते.

मी कबड्डी खेळलेली. आता जिंतूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. समोरच्याचा खांदा, कंबर, पाय बघून तो काय करणार हे ओळखायची जुनी सवय. चाचणी जवळ आली तेव्हा सरांनी मला घरी बोलावून घेतलं.

"ताई, तुमी बी बसा," ते म्हणाले. "मला त्याचं सगळं चांगलंच दिसायलंय. कुणीतरी अडवणारं पाहिजे."

सकाळची वेळ होती. सरांच्या बैठकीत टीव्हीवर एकेकाच्या लढती लावल्या. पहिला उंच पोरगा. हात लांब, पण पोटात ठोसे बसले की त्याचा दम तुटायचा. "पहिली फेरी सांभाळलास की हा तुझा," सर म्हणाले. भावानं मान हलवली. मलाही तसंच वाटलं.

दुसरा वयानं मोठा, ठेंगणा. हलायचा कमी. पण उजवा हात असा काही आणायचा की समोरचा खाली बसल्यावरच कळायचं. भावानं नजर पडद्यावरून काढली.

तिसरा डावखुरा. त्याला सगळेच भीत होते. उलट्या बाजूनं येणाऱ्या हाताची सवय कुणालाच नसते. पण हा पडद्यावर आला आणि माझा भाऊ खुर्चीत सावरून बसला.

"सर, ह्यो मला सोपा जाईल. डावखुऱ्याशी माझं बरं जमतं."

"अरं, जगाला डावखुरा अवघड जातो अन् तुला सोपा?" सर हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली.

मला हसू आलं नाही. मी भावाकडं बोट करून म्हणाले, "सर, आता आपल्या याच्याच लढती लावा. अलीकडच्या."

भावानं खाल्लेला प्रत्येक ठोसा त्याच्या डाव्या बाजूनं आलेला होता. समोरच्याचा साधा उजवा हात, लांबून फिरवत आणलेला. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा वाकून चुकवतील असा. उजवीकडून, जिथून डावखुऱ्याचा हात येतो, मात्र एकही नाही. आणि तो मान थोडी डावीकडं वळवून लढत होता, बाजूला कुणी बोलतंय आणि आपण ऐकतोय तशी. मग मी एक जुनी लढत लावायला सांगितली. तिच्यात त्याची मान सरळ होती.

मी रिमोट खाली ठेवला. सरांना वाटलं, मला पटलंय.

परतताना एसटीत मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला बसले. तो त्या उंच पोराबद्दल बोलत होता, कसं आत शिरायचं, कुठं मारायचं. मी पिशवीतले भाजलेले शेंगदाणे मुठीत घेतले आणि त्याच्या गालाशेजारी हात धरला. तो समोरच्या रस्त्याकडं बघत बोलत राहिला. मी हात तसाच धरून ठेवला. एक फाटा मागं गेला.

"अक्का, काई तरी बोल की," तो म्हणाला. माझा हात अजून तिथंच होता.

जिंतूरच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी मी त्याला म्हणाले, "उजवा डोळा झाक."

"कशाला?"

"झाक म्हणते ना."

त्यानं झाकला नाही. चहाचा ग्लास खाली ठेवला.

"कवापासनं?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासनं. सरावात एक ठोसा बसला. आधी काजवे चमकायचे. मग खालून काळं वर चढायला लागलं, पडदा ओढल्यावानी. आता वरच्या अंगाला थोडा उजेड हाय. बस."

"अन् डॉक्टरी तपासणीत?"

"उजव्यानं वाचताना तक्ता पाठ केला."

तो हे सगळं खाली बघून सांगत होता. मग एकदम माझा हात धरला. "अक्का, एवढी चाचणी होऊ दे. उंच पडला, डावखुरा पडला की मी शिबिरात जातो. मग लगेच दाखवतो डोळा."

"आणि तो ठेंगणा? त्याचा उजवा हात दिसणार हाय तुला?"

"अंदाजानं खेळीन."

"दुसरा डोळा गेला तर?"

"तसं नको बोलू." त्याचा आवाज फाटला. एवढा मोठा गडी, आजूबाजूची माणसं बघायला लागली. "तू सांगितलंस तर मी संपलो, अक्का."

"मग मी न्हाई सांगत. तूच सांग. पण उद्यापर्यंत सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्यासमोर सरांना फोन लावला. सर 'हॅलो, हॅलो' करत होते आणि याच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी फोन माझ्या हातात देऊन तो बाहेर गेला. मीच सांगितलं. सरांनी आधी कुठला डोळा ते विचारलं. मग म्हणाले, "घेऊन या त्याला. मी दवाखान्यात थांबतो."

परभणीच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं आणि लगेच संभाजीनगरला पाठवलं. आबांनी, आमच्या वडिलांनी, मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि खांद्यावर घोंगडी टाकून आमच्याबरोबर निघाले. सरही आले. डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, पण उशीर झालेला. डॉक्टर म्हणाले, या डोळ्याला उजेड कळेल, माणूस उभा आहे एवढं कळेल, चेहरा नाही.

"दुसऱ्याला तर काई होणार न्हाई ना?" आबांनी विचारलं.

"काळजी घेतली तर नाही. पण बॉक्सिंग बंद. एक ठोसासुद्धा नको."

पट्टी बांधलेल्या भावानं डॉक्टरांच्या आवाजाकडं मान वळवली. हळूच म्हणाला, "डावखुऱ्याशी बी न्हाई का?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ते आमच्याकडं बघायला लागले. सर उठून बाहेर गेले.

ऑपरेशननंतर त्याला पालथं झोपायला सांगितलं होतं. चाचणी त्याच दिवसांत आली. मी नको म्हणत होते, पण तो ऐकेना. शेवटी बाजेच्या दोन दोऱ्यांमधली जागा रुंद करून दिली, तो तिथं तोंड घालून पडला आणि मी खाली जमिनीवर बसून त्याच्यासाठी फोन धरला. उंच पोरगा पहिल्याच लढतीत दमला आणि हरला. डावखुरा पुढं गेला. शेवटी त्याची गाठ त्या ठेंगण्याशी पडली.

"आता बघ," भाऊ वरून म्हणाला. "तो डावीकडं सरकंल. उजवा येईल."

ठेंगणा डावीकडं सरकला आणि त्याचा उजवा हात आला. डावखुरा बसला तो उठलाच नाही. एका डोळ्यानं, तेही पालथं पडून, माझ्या भावाला सगळं आधी कळत होतं.

"मी तिसरा आलो असतो," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "दुसरा बी आलो असतो कदाचित."

फोनच्या काचेवर पाणी पडलं. मला आधी कळलं नाही कुठून पडलं. पदरानं काच पुसली, पुन्हा पडलं. मग मी फोन बंद केला आणि तिथंच खाली बसून राहिले. वर बघितलं नाही.

सरांनी नंतर त्याला पोरांना शिकवायला बोलावलं. थोडे दिवस गेला. एक दिवस न सांगता परत आला आणि म्हणाला, ग्लोव्हजचा आवाज ऐकवत नाही. सर घरी येऊन गेले, आबांशी मेंढरांच्या बाजारभावाच्या गप्पा मारल्या, शिकवण्याचा विषय काढला नाही. जाताना मात्र त्याच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

आता तो आबांबरोबर मेंढरं घेऊन फिरतो. यंदा गंगाखेडच्या बाजूला, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठावर, ऊस तुटलेल्या रानात त्यांचा तळ होता. एका रविवारी मी डबा घेऊन गेले. त्यानं पातळ तूप टाकून भाकरी खाल्ली, एका मेंढीच्या पायाची जखम दाखवली, पाल्याला यंदा कीड फार आहे म्हणाला. माझ्या शाळेच्या पोरी यंदा कशा खेळतात, असंही विचारलं. मी त्याच्या उजव्या बाजूला बसून सांगत गेले. तो माझ्या चेहऱ्याकडं नीट बघत ऐकत होता. मग आबांनी हाक मारली, तसा उठला आणि काठी उचलून मेंढरांमागं गेला.