अकरावा जवान

आमच्या साहेबांना सगळं शहर 'पूलवाले' म्हणायचं. शत्रू नदीपर्यंत आला तेव्हा पूल उडवायचा हुकूम त्यांनी दिला, अलीकडची तीन गावं वाचली आणि त्यांना सर्वांत मोठं पदक मिळालं. लढाई संपल्यावर मोठमोठ्या खुर्च्या सांगून आल्या. त्यांनी मागून घेतलं ते बेपत्ता सैनिकांचं कार्यालय: दोन खोल्या, गंजकी कपाटं, एक डुगडुगणारं टेबल आणि टायपिंगला मी.

माणूस कामाला वाघ. शिपायाच्या आधी येऊन कुलूप उघडायचे. वाईट बातमी असली की पत्र न टाकता स्वतः त्या घरी जायचे. "साहेब, मग पोस्ट कशासाठी आहे?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "पोस्टमनला शिव्या बसतात हो. त्याचा काय दोष?"

एक शिवणकाम करणारी मावशी मात्र सात वर्षं दर मंगळवारी स्वतःच यायची. "माझ्या पोराचं काही कळलं?" साहेब उठून तिला खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, "थोडं थांबा, मावशी. शोध चालू आहे." ती तोंड भरून आशीर्वाद द्यायची. मला वाटायचं, केवढा देवमाणूस! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी दार लावून घेतलं आणि मला एक जबाब टाइप करायला सांगितला. पूल उडाला तेव्हा दहा जवान पलीकडे अडकले होते. त्यांच्या घरी साहेब कधीच सांगून आले होते. अकरावा म्हणजे मावशीचा मुलगा. त्या दहांना बोलवायला त्याला साहेबांनीच पाठवलं होतं, "तू आल्याशिवाय उडवत नाही" असा शब्द देऊन. हुकूम दिला तेव्हा तो पुलाच्या मध्यावर, परत धावत येताना दिसत होता.

टाइप करताना मला त्यांचा संताप आला, आणि रडूही आलं.

मंगळवारी त्यांनी तो कागद मावशीला उभं राहून वाचून दाखवला. मग म्हणाले, "मला काय बोलायचं ते बोला, मावशी."

मला वाटलं, आता तळतळाट देणार.

"पूल पाडलात ते लढाईत," ती म्हणाली. "त्यातलं मला कळत नाही. त्या तीन गावांतही आयाच असतील. पण लेकीनं बाळंतपणाला बोलावलं, तेव्हा मी तुम्हालाच विचारायला आले होते ना? मी गेले आणि मागं पोरगा परत आला, त्याला घराला कुलूप दिसलं तर, म्हणून?"

"हो."

"काय म्हणालात?"

"थांबा म्हणालो."

"थांबले. लेक माझी वाट बघत गेली, साहेब. तेव्हा कुठली लढाई चालू होती?"

मावशीनं पिशवी उचलली.

"तुमच्या जिवाला लागेल, म्हणून मी हे इथं कधी बोलले नव्हते."