व्हर्च्युअल ऑफिसातल्या माझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं?

फास्ट टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या. मी असल्या गोष्टींना हसणारी मुलगी. मामा संध्याकाळी शिट्टी वाजवू नको म्हणाला की मी मुद्दाम वाजवायचे. इथले किस्सेसुद्धा जेवताना टाईमपास म्हणून वाचायचे... आता माझाच किस्सा आहे आणि घास उतरत नाहीये.

तर आम्ही दहिसरला राहतो, चाळीत, भाड्याच्या खोलीत. आई मालवणी मसाला करते, मी तो ऑनलाईन विकते. इतका झकास चालला होता की आईने कॅन्टीनची नोकरी सोडली. माझ्या भरवशावर — हे लक्षात ठेवा. ऑनलाईन विकायला जीएसटी नंबर लागतो, नंबरला पत्ता लागतो, आणि घरमालक सही देईना. म्हणून मी अंधेरी ईस्टला व्हर्च्युअल ऑफिस घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — तिथे आपण बसत नाही, फक्त पत्ता आपला. तपासणीला जीएसटीचे साहेब आले की ते लोक एका टेबलावर तुमच्या नावाची पाटी सरकवतात, तुम्हाला फोन करतात, तुम्ही धावत जाऊन मालकासारखं बसायचं. साहेब गेले की पाटी ड्रॉवरमध्ये. उद्या तेच टेबल दुसऱ्याचं. सगळे हेच करतात यार!

त्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण सायली पवईला ऑर्डर द्यायला रिक्षाने आरेच्या जंगलातून चाललो होतो. आरेत रेंज गेली. बाहेर पडलो तर ऑफिसच्या रिसेप्शनवरच्या श्वेताचे मिस्ड कॉल. लगेच लावला.

"श्वेता, साहेब आलेत का? थांबव ना त्यांना, मी येते—"

"काय येते? आत्ता तर गेलीस."

"मी कुठे गेले?"

"अगं, साहेबांशी बोललीस, माझ्याकडे पाणी मागितलंस, गेलीस. डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

मी हसले. खरंच हसले. मग साहेबांना फोन केला.

"मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, इथे धंदा चालत नाही? मी तसं लिहिलंय. नंबर रद्द होईल."

"सर, ती मी नव्हते!"

"आधार कार्डाचा फोटो जुळवलाय मी. चेष्टा करताय का?"

सीसीटीव्ही बघितला का, हे तुम्ही विचारणारच. बघितला. कॅमेरा फक्त दरवाज्यावर आहे. साहेब आत जाताना दिसतात, बाहेर येताना दिसतात. मी कुठेच नाही. ते बघूनही श्वेता म्हणाली, "मी तुला ग्लास हातात दिलाय गं..."

माझी पार वाट लागली होती. नंबर गेला तर दुकान बंद, आणि आईला ह्या वयात परत भांडी घासायला जावं लागणार. मी साहेबांच्या ऑफिसात जाऊन बसायचे, रडायचे, परत जायचे. माणूस चांगला होता. शेवटी म्हणाला, "एकदाच परत येतो. ह्या वेळी नीट बोला."

मग मामा मधे पडला. गिरणी बंद झाल्यापासून मामा वॉचमन आहे, पण गावासारखं गाऱ्हाणं घालणं, म्हणजे देवाला खड्या आवाजात आपलं मागणं सांगणं, काही सुटलेलं नाही. तो नारळ घेऊन थेट त्या काचेच्या ऑफिसात आला; आई, सायली आणि मी मागे.

श्वेता घाबरली. "काका, अगरबत्ती नको हं, अलार्म वाजतो."

"उदबत्ती नाय गो. निस्तो नारळ."

आणि टेबलासमोर उभा राहून सुरू — "बा देवा महाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! ह्या चेडवाच्या धंद्याक कोणाची आडकाठी असात तर ती दूर कर. हिच्या तोंडसून खोटा काय येवक देव नको, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही म्हटलं. एसी दुरुस्त करायला आलेला माणूसपण म्हणाला.

माझ्या तोंडून खोटं येऊ देऊ नको असं मागितलं म्हणून लिफ्टमध्ये आई मामावर उखडली. "दादा, खोटा येवक देव नको, ह्या कित्याक बोललंस? तिका थय खोटाच बोलूचा आसा!"

"गाऱ्हाण्यात तसाच म्हणतत."

"आता?"

"आता काय? देवाक माघारी घेवक सांगू?"

मी सोडून सगळे हसले.

तपासणीच्या दिवशी ऑफिस उघडलं तेव्हापासून मी खुर्चीला चिकटून होते. सायली बाजूला. उत्तरं पाठ केलेली. साहेब आले, बसले, म्हणाले, "ऑर्डर कुठून जातात?"

मला म्हणायचं होतं — इथूनच सर. तोंड उघडलं. आणि माझ्याच आवाजात, एकदम शांत, आलं — "इथून काही जात नाही. हे टेबल रोज वेगळ्याचं असतं. मसाला आई घरी करते."

मी थांबायचा प्रयत्न करत होते! सायली टेबलाखालून लाथा मारत होती, त्या लागत होत्या, पण जीभ माझं ऐकत नव्हती. वरून मी श्वेताकडे वळून म्हटलं, "पाणी देतेस?" मला तहान नव्हती.

श्वेता खुर्ची मागे सरकवत भिंतीला टेकली. ती उठलीच नाही.

साहेब वैतागून म्हणाले, "त्या दिवशीही शब्दन् शब्द हेच बोललात. मग मधे एवढं रडलात कशाला?"

नंबर रद्द झाला. दुकान बंद. आई परत कॅन्टीनला जाते, आल्यावर हात चोळत बसते. मामा म्हणतो, राखणदाराने गाऱ्हाणं ऐकलं. अरे पण पहिल्यांदा झालं तेव्हा गाऱ्हाणं घातलंच कुठे होतं? सायली म्हणते टेन्शन. मग पहिल्या दिवशी ती स्वतः माझ्यासोबत रिक्षात होती ना, त्याचं काय?

ज्याला सांगते तो विचारतो, पहिल्या दिवशी तिथे कोण होतं. माहीत नाही. पण मला ते छळत नाही... दुसऱ्या तपासणीला त्या खुर्चीवर मीच होते, एवढं तरी मला छातीठोक सांगता यायला हवं ना?

नाही येत.