‘शोध हेतु’ घेतलेलं रक्त

माझ्या मावशीवर अन्याय झाला तो अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, एका दवाखान्याच्या तळमजल्यावर. जागरणानं अर्धं इंदूर झोपलं होतं. रांग नव्हती, घाई कुणालाच नव्हती. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर जो तो म्हणाला, “गर्दी असते हो, समजावायला वेळ कुठे?”

मावशी साताऱ्याची, मराठी शाळेतली निवृत्त बाई. काका गेल्यावर बडा गणपतीजवळ आमच्या घरी राहायला आली आणि वर्षाच्या आत तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाल्या, केस परत आले. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या सकाळी पहिली तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. आम्ही उठणार तेवढ्यात पांढऱ्या कोटातली एक मुलगी फॉर्म घेऊन आली.

“मौसीजी, थोड़ा-सा खून चाहिए, शोध के लिए. खून में बहुत छोटे आरएनए होते हैं, माइक्रो आरएनए. कैंसर में कुछ बढ़ते हैं, कुछ घटते हैं. वही देखेंगे.”

फॉर्मवर होतं, ‘रक्त का नमूना शोध हेतु’. मावशीनं सही केली. साक्षीदाराच्या रेघेवर मी केली. वस्त्यांमध्ये ‘समजल्याशिवाय अंगठा देऊ नका’ अशी पत्रकं वाटत फिरणारी मी!

हिंदीत शोध म्हणजे संशोधन. इथेच वाढलेल्या मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. मावशीच्या मराठीत शोध म्हणजे शोधणं. हरवलेली किल्ली, पळालेला चोर, रक्तात लपलेला कॅन्सर. तिनं धरून ठेवलं: रक्त त्यांच्याकडे आहे, ते शोधतायत, सापडला तर कळवतील.

तीन महिन्यांनी मी विचारलं, “तपासणीचं काय गं?”

“त्यांचा फोन यायचाय.”

मला वाटलं, अपॉइंटमेंटचा. “ठीक है” म्हणाले आणि मोर्च्याला पळाले. पुढच्या वेळीही तेच उत्तर, तेच माझं ठीक है. मग एक दिवस आंघोळ करताना तिच्या काखेत गाठ लागली. तरी आठ दिवस गप्प. का, म्हणून मी ओरडले, तर म्हणाली, “अगं, काही असतं तर त्यांना शोध लागला नसता का?”

दवाखान्याच्या काउंटरवरच्या माणसावर मी आवाज चढवला, “भिया, इनकी रिपोर्ट कहाँ है?”

“मैडम, वो तो रिसर्च का था. उसकी रिपोर्ट नहीं मिलती. फॉर्म में लिखा है.” त्यानं कागद माझ्याकडे फिरवला. “गवाह में आपके ही साइन हैं ना?”

मावशी म्हणाली, “नमुना नमुना म्हणत होते, तो मीच की गं!” आणि हसली. मला हसता आलं नाही.

वेळेवर आला असतात तर गाठ आधी दिसली असती, एवढंच डॉक्टर म्हणाले. केमो पुन्हा सुरू आहे.

संशोधनाशी माझं भांडण नाही. त्या थेंबांवरून उद्या कुणाचा आजार लवकर कळेलही. पण ‘इसकी रिपोर्ट आपको नहीं मिलेगी, जाँच के लिए आते रहिए’ एवढं एक वाक्य, रिकाम्या दवाखान्यात, त्या मुलीला सांगता आलं नाही. मला विचारता आलं नाही. फॉर्म मात्र नियमात बसतो, आणि नियमात बसतं म्हणून कुणी माफीही मागत नाही.

तुम्हीही कुणाची तरी आई, मावशी, शेजारीण घेऊन दवाखान्यात जाल. तुमच्यापुढेही साक्षीदाराची रेघ येईल. आधी तिला विचारा: यातून तुला काय मिळणार आहे, तुझ्या शब्दांत सांग. ती सांगेल ते समोरच्या कोटवाल्याला ऐकवा, बरोबर की चूक ते त्याच्याकडून वदवून घ्या. तोवर पेनाला हात लावू नका.