सिनेमातल्या इराण्याला आई नसते

ऐतिहासिक सिनेमा म्हटलं की हल्ली मला आधी वडे आठवतात. परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाने रविवारी सकाळचा खेळ घ्यायचं ठरवलं की तिकिटं खपवण्याचं श्रेय दुसऱ्याला आणि वड्यांची ऑर्डर माझ्या गळ्यात. चटणी ओली की कोरडी, फेटे बांधणारे काका शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बुकित बातोकहून, वेळेवर येणार की त्यांना आणायला टॅक्सी पाठवायची, सगळा ताप माझ्या डोक्याला. पडद्यावर किल्ला पडो नाहीतर राहो, मी मागच्या रांगेत पाय चोळत बसलेली असते. पूर्वी तोफ उडाली की अंगावर काटा यायचा. आता वाटतं, उडवा एकदाची आणि आम्हाला जेवायला सोडा.

आमच्या समोरच्या दारात एक इराणी कुटुंब राहतं. हौगांगच्या या ब्लॉकमध्ये आम्ही आलो त्याच्या पुढच्याच वर्षी ते आले. माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर, तिचा नवरा जहाजं तपासणारा सर्व्हेअर, म्हणजे दोघेही घरात कमी आणि पाण्यावर जास्त. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, माझी तिच्याकडे. मी तिला खानुम म्हणते, म्हणजे फारसीत बाई, ती मला ताई म्हणते. ताई हा शब्द तिने माझ्या बहिणीच्या फोनवरून उचलला. बाकी आम्ही इंग्रजीत बोलतो. दोघींचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे भांडायची सोय नाही.

नवरा जहाजावर निघाला की मी त्याच्या हातावर दही-साखर घालते. त्याच वेळी समोरचं दार उघडून ती वाटीभर पाणी घेऊन उभी राहते आणि तो लिफ्टकडे वळला की त्याच्या मागे कॉरिडॉरमध्ये ओतते. निघालेल्या माणसामागे पाणी ओतलं की तो सुखरूप परत येतो, अशी त्यांच्याकडे पद्धत आहे. पहिल्यांदा मी वैतागले होते, कारण कुणी घसरून पडलं तर नसती आफत. आता नवराच बॅग उचलण्याआधी विचारतो, "खानुमची वाटी तयार आहे का?"

तिची मुलगी चौदा वर्षांची. इथल्याच शाळेत शिकलेली, आईने फारसीत विचारलं की ही इंग्रजीत उत्तर देणार आणि वर इथल्या पोरांसारखं शेवटी "लाह" लावणार. पोरगी गोड, तोंडाची फटकळ, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी हादडणारी. पण मध्यंतरी ती एकाएकी गप्प गप्प झाली. आईला काही सांगेना, म्हणून मीच एकदा खिचडीचा घास तोंडात असताना विचारलं, तेव्हा कळलं.

वर्गातल्या पोरांना एक जुना इंग्रजी सिनेमा सापडला होता. सिनेमा जुना झाला तरी फोनवर काही जुनं होत नाही. त्यात प्राचीन इराणचं सैन्य परक्या मुलखावर चालून जातं. सम्राट अंगभर दागिने लेवून, डोळ्यांत काजळ घालून लोळत पडलेला, आणि त्याच्या सैनिकांना धड चेहरेसुद्धा नाहीत, नुसते मुखवटे आणि गुरगुर. समोरचे सगळे देखणे, शहाणे, स्वातंत्र्यासाठी मरणारे. आता ही वर्गात शिरली की पोरं जाड आवाज काढायची आणि गुडघे टेकून म्हणायची, "सम्राज्ञी, आम्हाला खाऊ नका." रोज. शिक्षिकेला सांग म्हटलं तर म्हणाली, "आंटी, सांगितलं तर अजून करतील लाह."

मी तो तुकडा तिच्या आईबरोबर पाहिला. तिने दोनदा पाहिला आणि फोन उपडा ठेवला. "माझ्या गावाजवळ त्या राजांचे दगडी खांब आहेत," ती म्हणाली. "आम्ही शाळेच्या सहलीला जायचो, खांबांच्या सावलीत बसून डबा खायचो. असे लोळत पडले असते तर एवढे खांब कुणी उभे केले असते?" ती चिडली नव्हती. खूप दिवस एकच गोष्ट समजावून दमलेल्या माणसासारखी बोलत होती.

तिची खरी चिंता वेगळीच होती. वर्षातून एक दिवस शाळेत सगळ्या मुलांनी आपापल्या समाजाचा पोशाख घालून जायचं असतं. चिनी मुली चिनी झगा घालतात, मलय मुली बाजू कुरुंग, आपल्या मुली परकर-पोलकं नाहीतर पंजाबी ड्रेस. त्या दिवसासाठी खानुमने लेकीला खास ड्रेस शिवायला घेतला होता. कापड आजीने तिकडून पाठवलेलं, डाळिंबी रंगाचं, पायघोळ, कडेला बारीक चकत्या टाकायच्या, चालताना वाजतील अशा. बाई डोळे फोडून शिवत होती आणि पोरगी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. "मी तो घातला तर सगळे गुडघे टेकतील," एवढंच म्हणायची.

"तिने एकदा तो घालावा आणि मान वर करून शाळेत जावं," खानुम मला म्हणाली. "एवढंच पाहिजे मला. तुम्ही कसं करता? तुमची मुलं पण इंग्रजीच बोलतात. पण त्या डोक्यावरच्या पगड्या घालून कशी ओरडत असतात."

तिने मंडळाचे फोटो माझ्या फोनवर पाहिले होते. इथे माझी अक्कल चालली. म्हटलं, चल की मग, पुढच्या रविवारी आमचा सिनेमा आहे. बघ आम्ही पोरांच्या अंगात अभिमान कसा भरतो. लेकीलाही आण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गंमत म्हणजे तो सिनेमा मी आधी पाहिलेला होता. सुट्टीत डोंबिवलीला गेले तेव्हा भावाने अख्खं घर नेलं होतं. एका किल्लेदाराची गोष्ट, गड लढवता लढवता पडतो पण सोडत नाही. मला सगळं आठवत होतं, त्याची आई, त्याचा घोडा, शेवटची लढाई. शत्रूचा सरदार कुठला होता, हे मात्र डोक्यात राहिलंच नव्हतं. शत्रू म्हणजे शत्रू. तो कुठल्या गावचा हे आपल्यात कोण विचारतं?

रविवारी थिएटरच्या दारातच फेटेवाल्या काकांनी पोरीला फेटा बांधला. भगवा, मागे लांब शेमला सोडलेला. तिने फोनच्या काचेत पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसली. मी खानुमच्या केसांत गजरा माळला. आत दिवे जाण्याआधी एका मुलाने गारद म्हटली, सगळं थिएटर उठून उभं राहिलं, पहिल्या रांगेतल्यांनी चपलासुद्धा काढल्या. खानुमने माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली. मला बरं वाटलं. वडेही वेळेवर आले होते.

आणि मग तो सरदार आला. दरबारात दारं उघडली, धुराच्या लोटातून हा आडदांड गडी पुढे आला, डोळ्यांत सुरमा, बोटाबोटांत अंगठ्या. चालता चालता ताटातली तंगडी उचलून दातांनी फाडली आणि म्हणाला की मी इराणहून आलोय, किल्ले खायला. खाली इंग्रजी अक्षरांत ते ठसठशीत उमटलं. आपल्याला ती अक्षरं वाचायची गरज नसते, म्हणून मला कधी ती दिसलीच नव्हती. थिएटरमध्ये शिट्ट्या आणि हुर्यो.

मी खानुमच्या कानाशी लागले. म्हटलं, आपण जाऊ या का? ती म्हणाली, "बस. वडे तू आणलेस ना?" पोरगी खुर्चीत खाली खाली घसरत चालली होती. मध्यंतरात तिने निमूटपणे वडा खाल्ला. मंडळाच्या दोघीचौघी येऊन तिचा गालगुच्चा घेऊन गेल्या, फेटा किती शोभतो म्हणून. ही कुठली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

उत्तरार्धात किल्लेदार लढाईला निघाला. आईने त्याला ओवाळलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, निम्मं थिएटर डोळे पुसत होतं. मीही पुसले, खोटं कशाला बोलू. मग ती बुरुजावरची झटापट, आणि इराणी सरदार कड्यावरून खाली. लोक उठले, जयजयकार सुरू झाला. माझ्या शेजारीही कुणीतरी उठलं.

पोरगी उभी राहिली होती. मूठ वर, फेट्याचा शेमला खांद्यावर, घसा ताणून ओरडत होती. शब्द तिला अर्धेच कळत होते, पण चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. किती महिन्यांनी पोरीला जिंकणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायला मिळालं होतं. खानुम पडद्याकडे बघतच नव्हती. ती बसल्या जागेवरून लेकीकडे बघत होती.

घरी येताना पोरगी पुढे, फेटा तसाच, आम्ही दोघी मागे. मला शरम वाटत होती आणि रागही येत होता, नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. माफी मागायला तोंड उघडलं तर तिनेच थांबवलं.

"आमच्याकडेही असे सिनेमे आहेत," ती म्हणाली. "त्यात मांस फाडून खाणारे दुसरे असतात. माझे वडील टाळ्या वाजवायचे, मीसुद्धा."

"सगळ्या जगातले शत्रू एकाच खाणावळीत जेवतात मग," मी म्हटलं. ती हसली. मला वाटलं, चला, मिटलं.

आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकपाशी, ती बाकावर टेकली. गजरा सोडवून हातात घेतला. "तुमच्या किल्लेदाराला आई आहे," ती म्हणाली. "आमच्या माणसाला कधी आई नसते, ताई. त्या इंग्रजी सिनेमात नव्हती, यातही नाही. तो घरातून निघाला तेव्हा कुणी दारात उभं नव्हतं, कुणी पाणी ओतलं नाही. मग तो कड्यावरून पडला तर वाईट कुणाला वाटणार?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले. त्या बाकावर बसून मला ती इंग्रजीत सांगता येईना.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. त्यात एक पोरीचा, मूठ वर केलेला. खाली लिहिलं होतं, परदेशी लेकीलाही स्फुरण चढलं. त्याच्याखाली जोडलेले हात, मशाली, झेंडे, अशी चिन्हं. मी दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी वडेवाल्याचा नंबर कुणीतरी मागितला होता, तो पाठवला आणि फोन ठेवून दिला. माणूस किती ठिकाणी भांडणार?

पोशाखाचा दिवस आला. सकाळी मी चहा गाळत होते तर बेल वाजली. दारात पोरगी, केस विंचरलेले, अंगात माझंच जुनं पोलकं. कधीतरी खानुमकडे उसवलं म्हणून शिवायला दिलं होतं ते. मागे तिची आई, हातात पिनांची डबी.

"आंटी, ती लांब साडी नेसवाल? फिल्ममधली?"

"तुझा ड्रेस झालाय ना शिवून?"

"हो. पण तुमच्या फिल्ममध्ये तुम्ही जिंकता," ती म्हणाली. "तुमचं घातलं तर कुणी गुडघे टेकणार नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, माझी नऊवारी काही नाटकाचा कपडा नाही, आणि तुझ्या आईने रात्रंदिवस खपून शिवलंय त्याचं काय? आणखीही बोलले असते. पण खानुमने माझ्या दंडावर हात ठेवला. "नेसव ताई," ती म्हणाली. "रडत जाण्यापेक्षा हसत जाऊ दे."

मग कपाट उघडलं. हिरवी, जरीकाठी, माझ्या लग्नातली. पोरगी हात पसरून उभी राहिली आणि मी नेसवायला लागले. निऱ्या धरायला दुसरा हात लागतो. तो खानुमने दिला. जमिनीवर बसून तिने एकेक निरी सारखी केली, चिमटीत घट्ट धरली, काष्टा मागे खोचताना मी सांगितलं तसा ताणून धरला. तोंडातल्या पिना एकेक करून माझ्या हातात देत होती. ड्रेस शिवताना बसायची तशीच बसली होती.

झाल्यावर पोरीने आरशात पाहिलं. सुंदर दिसत होती, कुणाचीही दृष्ट लागेल अशी. "थँक यू आंटी," म्हणाली, दप्तर पाठीला लावलं आणि निघाली. मान वर होती. तिच्या आईला हवी होती तशीच, ताठ.

खानुम माझ्या स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती आली ती वाटी घेऊन. कॉरिडॉरमध्ये उभी राहिली आणि लेक लिफ्टकडे वळल्यावर तिच्या मागे पाणी ओतलं, सगळं, थेंबही न ठेवता.

"अगं, शाळेत तर चालली आहे," मी म्हटलं. "दुपारी येईल की घरी."

"घरी येईल," ती म्हणाली. रिकामी वाटी तिने माझ्या हातात दिली. "मला ती माझ्याकडे परत यायला हवी आहे."