शालनबायच्या उठाबशा

शालनबायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उठाबशा काढत होती. डिचोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा नोकरीचा पहिला दिवस होता. डबा ठेवायला बायकांच्या खोलीत गेले, तर एक तिशी उलटलेली बाई पदर खोचून, जनेलाचा, म्हणजे खिडकीचा, गज धरून वर-खाली होत होती. तोंडावर इतका राग, की मला वाटलं, हिला साहेबांनी शिक्षा केली असणार. मी हरमलसारख्या गावातून आलेली, सरकारी ऑफिसातल्या रीती मला काय ठाऊक? भीत भीत विचारलं, "काय चूक झाली तुमची?"

"माजी नाय, तुजी," ती न थांबता म्हणाली. "दार उगडां टाकलंस. लाव तां."

शालन गावस लाटंबार्शाहून रोज बसने यायची. घरी दोन मुली होत्या, शेत होतं आणि नवरा सदानंद सुर्ल्याच्या खाणीवर टिपर चालवायचा. आमचं काम म्हणजे कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचं आणि दोरीच्या पिना खुपसून लाइनी जोडायच्या. मुंबईला बोलायचं असलं की लोक ट्रंक कॉल लावून ताटकळत बसत आणि त्याचा राग आमच्यावर काढत. ड्युटी संपेपर्यंत पाठीचं लाकूड व्हायचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर शालनबायला या खुर्चीतून उठताच येईना, तेव्हा ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तिच्यापेक्षा लहान. त्याने हसून सांगितलं, "बायकांचं असं होतंच. आता वय झालं तुमचं."

हे सांगताना ती त्या डॉक्टरची हुबेहूब नक्कल करायची. "वय झालां म्हणे! मेल्याक मिशी फुटूंक नाय, आणि माजां वय काढता!" त्या दिवसापासून तिने व्यायाम सुरू केला. लोक तब्येतीसाठी करतात, कोणी देखणेपणासाठी करतात. शालनबाय त्या डॉक्टरला खोटं पाडण्यासाठी करत होती, आणि माझ्या मते एवढं टिकाऊ कारण दुसरं नाही.

तिरस्कार हा तिचा स्थायीभाव होता. खुर्चीला ती कदेल म्हणायची आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारायची. "कदेलीक चिकटली ती मेली" हे तिचं पालुपद. फोन नसले की ती बोर्डापुढे उभीच राहायची, टाचा उचलायची, खाली टेकवायची. नवऱ्यावर तिची खास मर्जी. सदानंद दिवसभर टिपरमध्ये बसून असायचा आणि त्याचं पोट स्टिअरिंगला टेकायला आलं होतं. ती म्हणायची, "डोंगर हलयता हो! आपलां बूड काय हलयणा नाय." तो हे ऐकून हसायचा आणि आणखी एक पाव मागायचा.

आमचे सुपरवायझर कामतबाब हे तिचं दुसरं गिऱ्हाईक. त्यांनी पणजीहून पळायचे पांढरे बूट आणले होते आणि ते खोक्यासकट टेबलाखाली ठेवले होते. "उद्यापासून सकाळी मैदानावर जाणार," असं ते प्रत्येकाला सांगायचे. चतुर्थी झाली, दिवाळी झाली, बूट पांढरेच राहिले. एकदा शालनबाय खोक्यापाशी वाकली आणि बुटांनाच म्हणाली, "बाबांनू, तुमीच जावन येवा. ह्यांची वाट बघशात तर म्हातारे होशात." कामतबाब आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिला ते कळलंसुद्धा नाही.

गावात योगाचं शिबिर भरलं तेव्हा मीच तिला ओढून नेलं. मंडपात खुर्च्यांच्या रांगा. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, मग हार, मग भाषणं. निरोगी शरीर हा खरा दागिना, असं सांगताना एका वक्त्याला दम लागला आणि त्यांनी मध्येच पाणी मागितलं. त्यानंतर आसनं दाखवायची होती, पण उशीर झाला म्हणून ती दुसऱ्या दिवसावर गेली आणि भाजीपाव वाटण्यात आला. शालनबायने द्रोण परत केला. जाताना संयोजकांना म्हणाली, "शिबिर बरां झालां हां. कदेलींचो व्यायाम झालो."

हे सगळं मला मजेचं वाटायचं, कारण तोवर तिची धार माझ्यावर फिरली नव्हती.

मग माझं लग्न झालं आणि मंदार झाला. रजा संपवून मी कामावर आले ती सुजलेली, थकलेली आणि सगळ्यांवर चिडलेली. आम्ही बाजाराच्या वर चढणीवर खोली घेतली होती. नवरा म्हापशाला नोकरीला, सासूबाई मुलाला बघायला आलेल्या. पहाटे पाणी, डबे, मुलाचं दूध, मग ड्युटी, आल्यावर पुन्हा चूल. शालनबाय म्हणाली, "माज्यावांगडा चार उठाबशा काढ." मी म्हटलं, "वेळ कुठे आहे?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कामतबाबांच्या बुटांकडे पाहायची.

ते वर्ष भाषेच्या भांडणाचं होतं. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून घराघरांत अबोले धरले गेले होते. आमच्या समोरच्या चहाच्या हॉटेलात दोन्हीकडचे वीर बसून आरोळ्या द्यायचे. शालनबाय खिडकीतून बघून म्हणायची, "दोन वाक्यां बोलल्यार धाप लागता, आणि हे भास राखतले!" मग एके दिवशी रस्ते बंद झाले. झाडं तोडून आडवी टाकली, बसगाड्या थांबल्या. मी जवळच राहत असल्याने सकाळी कामावर पोचले, पण बाकी कोणीच आलं नाही. बोर्डावर मी एकटी. दवाखाना, पोलीस, घाबरलेली माणसं, सगळ्यांचे फोन एकदम यायला लागले.

अशात शेजारची मुलगी धावत आली. "मावशी, मंदारला ताप चढलाय. डोळे फिरवले त्याने. आजी रडतायत."

बोर्ड सोडून जाऊ कशी? आणि न जाऊ तरी कशी? मी हेडफोन काढला, पुन्हा घातला. त्याच वेळी दारात शालनबाय उभी राहिली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची, हातावर काट्यांचे ओरखडे. लाटंबार्शाहून पडलेली झाडं ओलांडत चालत आली होती. मुलीचं बोलणं तिने ऐकलं होतं. माझ्या कानावरचा हेडफोन उचलून तिने आपल्या कानाला लावला आणि एवढंच म्हणाली, "जा."

मी घरी धावले. मंदारचं अंग भाजत होतं, मान लुळी पडली होती. त्याला उचलून निघाले. वाहन एकही नव्हतं आणि दवाखाना पलीकडच्या चढावर. अर्धा चढ कसाबसा गेले आणि माझा श्वासच संपला. छातीत सुया टोचाव्यात तसं झालं, पाय लटपटायला लागले. मूल हातातून निसटेल या भीतीने मी गटाराच्या कठड्यावर बसले. उठायचा प्रयत्न केला, पण उठता येईना. मूल मांडीवर तसंच पडलेलं, आणि मी नुसती तोंड उघडून हवा ओढते आहे.

समोरून पदेर आला, आमच्याकडे पाव घालणारा. बंद कोणाचाही असो, पाव सगळ्यांनाच लागतो. त्याने सायकल टाकली, मंदारला माझ्या मांडीवरून उचललं आणि चढावरून पळत सुटला. मी मागून पोचले तेव्हा डॉक्टरांनी मुलाला इंजेक्शन देऊन त्याच्या अंगावर ओली फडकी ठेवली होती. थोड्या वेळाने तो रडला. ते रडणं ऐकून मी तिथेच जमिनीवर बसकण मारली.

दोन दिवसांनी कामावर गेले. शालनबायने आधी विचारलं, "पोर कसां आसा?" बरा आहे म्हटल्यावर तिने देवाला हात जोडले. मग मी सगळी हकीकत सांगितली. माझी समजूत होती की ती मला जवळ घेईल.

"पदेरान न्हेल्यान? आणि तू खंय होतंस?"

"मला धाप लागली. पायच उचलेनात."

ती म्हणाली, "पोर तुजां आणि दम पदेराचो!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. "तुम्हाला बोलायला काय जातं? घर, सासू, मूल, ड्युटी, कधी करू मी व्यायाम? मला वेळ मिळत नाही!"

"वेळ काय भिकारी, दारात येवन उबो रवाक? तो चोरूचो लागता. व्यायामाक येगळो वेळ काढीन म्हणशीत, तर मेल्यारच काढशीत."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. बोर्डावर शेजारी बसायचो, पण पिनांशिवाय काही हलायचं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती माझ्या घरी उगवली. मी विहिरीवर होते. तिने कमरेवर हात ठेवून माझं पाणी काढणं पाहिलं आणि किळस आल्यासारखं तोंड केलं. "कमरेतसून वाकतंस कित्याक? गुडघे देवान कित्याक दिल्यान? पाट सरळ. एकदा ह्या हातान वड, एकदा त्या." पाणी भरून होईपर्यंत ती शिव्या घालत होती. मग घरात येऊन चहाचं आधण ठेवायला लावलं आणि ते उकळेपर्यंत मला उठाबशा काढायला लावल्या. मंदारला माझ्या हातात दिलं. "ह्यां तुजां वजन. रोज वाडतला, फुकटात." मंदारला वाटलं आई खेळते आहे. तो खिदळायला लागला.

सासूबाईंना हे मुळीच रुचलं नाही. "घरात कामं थोडी आहेत, म्हणून आणखी हे?" त्या पुटपुटल्या.

"आये, कामान माणूस झिजता," शालनबाय म्हणाली. "ह्यान उबो रवता. तुमी पण उटा बघया. कदेल काय पळान जाणा नाय."

त्या उठल्या नाहीत. पण मी उठत राहिले. आधण, विहीर, बाजाराचा चढ, दोन फोनांमधली उसंत, जिथे सापडेल तिथून वेळ उचलला. शालनबायने कधी शाबासकी दिली नाही. एकदा मंदारला खांद्यावर घेऊन मी देवळाच्या पायऱ्या न थांबता चढले. ती वर उभी होती. म्हणाली, "हां. आता बाई दिसतंस. आदी पोतां दिसायचंस." ते ऐकून मी किती दिवस हवेत होते, हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

गोवा केंद्राकडून सुटून राज्य झालं त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. कामतबाब दोन हातांनी खात होते. ती माझ्या कानात म्हणाली, "राज्य वेगळां झालां. ह्यांचां पोट अजून केंद्राकडेच आसा."

पुढे यंत्रं आली, बोर्ड गेला, आम्ही पांगलो. मी पेडण्याला गेले. पत्र लिहिणं तिच्या स्वभावात नव्हतं. कधी बाजारात दिसली तर मला पायापासून डोक्यापर्यंत निरखायची आणि काही बोलली नाही, म्हणजे ठीक आहे असं मी समजायचे.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तिला अर्धांगवायूचा झटका आला. मी लाटंबार्शाला गेले तेव्हा गावातल्या बायका खोलीत जमल्या होत्या. ओटीच्या तीन पायऱ्या चढून कमरेला हात लावणाऱ्या बायका त्या. एवढा व्यायाम करूनही हिचं असं झालं, याची केवळ खात्री करून घ्यायला आल्या होत्या. त्यांतली एक तिच्या तोंडावरच म्हणाली, "इतको व्यायाम करून काय गावलां गो, शालन?"

शालनबायचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हते. तिने बराच वेळ जुळवाजुळव केली. "मरतली... सगळीच," ती म्हणाली. "तू... बसान मर."

तिला उचलायचं काम सदानंदकडे होतं. मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्याची कंबर धरली. तेव्हा तिने चांगल्या हाताने त्याला खाटेपुढे उभा केला आणि खुणेने उठायला-बसायला लावलं. आयुष्यभर बूड न हलवलेला तो माणूस रोज सकाळी बायकोसमोर उठाबशा काढायला लागला. चुकला की ती खाटेच्या लाकडावर हात आपटायची. हळूहळू तो तिला सहज उचलू लागला, अंगणात नेऊ लागला. एकाच्या आधाराने दुसऱ्याने चालायचं, असं त्यांचं वर्षभर चाललं. मग दुसरा झटका आला आणि ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा गेले. सकाळची वेळ होती. सदानंद ओटीवर एकटा उभा होता. पोट उतरलं होतं, चेहरा ओढलेला.

"पाय आपसूक वाकतत सकाळी," तो म्हणाला. "पण बरोबर वाकतत काय नाय, कोण सांगतला?" मग म्हणाला, "तू जरा बघतंस? चुकलंय तर गाळी घाल. गोड बोलां नको."

त्याने खांब धरला आणि खाली बसायला लागला. गुडघे बाहेर चालले होते, टाचा उचललेल्या, पाठ कमानीसारखी. मी आवाज चढवला.

"ह्यो उठाबशो काय, सदानंदबाब? म्हशीक पाण्यात बसताना बघूंक नाय कदी? ती तुमच्यापेक्षा बरी बसता. गुडघे आत घेवा!"

अर्ध्या बैठकीत तो तसाच थांबला. डोळे भरून आले होते, पण त्याने मान हलवली, गुडघे आत घेतले आणि सरळ उठला.