शकूचा अर्धा कागद

टाइप करताना एक अक्षर चुकलं की शकू कागद मशीनमधून ओढायची, फाडायची आणि नवा लावायची. सत्तरच्या सुमारास सीताबर्डीच्या टायपिंग क्लासात तिचं मशीन माझ्या शेजारी होतं. मी बिनघोर. कागद कसाबसा शेवटापर्यंत न्यायचा, लाल पेन्सिलीने चुकांना गोल करायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच शब्द घोटायचे, एवढाच माझा अभ्यास.

शकूच्या कागदाचा वरचा अर्धा भाग बघत राहावा असा असे. खालच्या अर्ध्यापर्यंत ती क्वचितच पोचली. चुकलं तरी पुढे जा, म्हणून सर वैतागायचे. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "तुह्यावाल्या चुकीले लोक चूक म्हणतात. माह्यावालीले म्हणतात, या लोकायच्यानं होतच नाही."

तिचे वडील गिरणीत होते, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. घरातली पहिली ऑफिसातली नोकरी शकूने करायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. ती घरी गेली की ते पहिलं विचारायचे, "आज चुकली तं नाही?"

परीक्षेला आम्ही बरोबरच बसलो. पाचव्या ओळीत तिचं बोट घसरलं. सवयीने तिने कागद ओढला, फाडला. तिथे दुसरा मिळत नव्हता. ती उठून निघून गेली.

मी पास झाले. निकालाच्या दिवशी तिने मुद्दाम थांबवून विचारलं, तुह्या चुका किती झाल्या वं? मी ऐटीत म्हणाले, एकही नाही.

नंतर ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा पहिल्याच चुकीला उठली. मग वडील वारले आणि ती घरी विड्या वळू लागली. तिची एक विडी खराब म्हणून छाटात जात नाही, असं तिची आई कौतुकाने सांगायची. मला ते ऐकवत नसे.

दहाएक वर्षांनी मी तिच्याकडे गेले. ती मांडीवर विड्यांचं सूप घेऊन बसली होती. मला राहवेना. सांगून टाकलं, की त्या परीक्षेत माझ्या सात चुका होत्या.

तिचे हात थांबले. "सात? अन् पास केलं?"

"हो."

"मी तं एकीलेच उठली वं. तवाच काहून नाही सांगतलं?"

फुशारकी मारायची होती म्हणून, एवढंच खरं उत्तर होतं. शकूने त्याची वाट पाहिली नाही. पुढचं तेंदूचं पान उचललं आणि कात्रीने नेमकं मापात कापलं.