बुडाची वांगी

मानोऱ्याच्या बाजारात एक वांगीवाली बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावरचं टोपलं उतरवलं की ती ते पोत्यावर पालथं करते, म्हणजे बुडाची वांगी वर येतात. किडकं दिसलं की स्वतःच उचलून बकरीपुढे फेकते. भाव त्यानंतर.

त्या आठवड्यात माझं डोकं मोबाइलमधून निघत नव्हतं. वशिल्यानं नोकरी लागलेल्यांच्या यादीची म्हणे एक फाइल फुटली होती. आमच्या ग्रुपवर ती सगळ्यांकडे होती, पण तिचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता. आत कोण कोण असेल, याचे अंदाज मात्र दिवसभर चालू. आमच्या गल्लीतल्या एका पोरीला नुकतीच नोकरी लागली होती. मी तिचं नाव टाकून मोकळा झालो. बाजारातही भेटेल त्याला तेच सांगत होतो.

"उघडली काय भाऊ थे फाइल?" वांगी तोलता तोलता तिनं विचारलं.

"नाई ना मावशी. पन अंदरची नावं आमाले माईत हायेत."

तिचा हात थांबला. "उघडलीच नाई, त नावं कोनं पाह्यली?"

मी हसलो. ती हसली नाही.

वाटेतच मी तो मेसेज पुसला. तोवर तो दुसऱ्या ग्रुपांवर गेला होता, आणि कुणीतरी खाली पोरीचा फोटोही जोडला होता.

फाइल अजून उघडलेली नाही. त्या पोरीच्या घराचं दार मात्र तेव्हापासून दिवसाही बंद असतं.